हात स्टेअरिंगवरच ठेवा!

नवी गाडी दारात आली की आपण काय करतो? चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि आतल्या आरशाला काहीतरी लटकवायचं. कुणाचा गणपती, कुणाची रुद्राक्षाची माळ, कुणाच्या पोरीनं शाळेत केलेली लोकरीची बाहुली, नाहीतर तो वासाचा कागदी तुकडा. आमच्या गल्लीत तर आरशावरून सांगता येतं गाडी कुणाची ते!

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ११ एप्रिल २०२१ ला, रविवारी दुपारी, डाँटे राइट नावाचा वीस वर्षांचा पोरगा गाडी घेऊन चालला होता. पोलिसांनी त्याला थांबवलं. गाडीच्या नोंदणीच्या स्टिकरची मुदत संपली होती, आणि आरशाला वासाची ती वस्तू लटकत होती. तिथे तेव्हा तेही नियमाबाहेर होतं. पोरानं लगेच आईला फोन लावला. ‘मला पोलिसांनी थांबवलंय,’ म्हणाला. आईनं विचारलं का, तर आरशाला काहीतरी लटकतंय म्हणून, असं त्यानं सांगितलं. गाडीचा विमा आईच्या लक्षात होता. ती म्हणाली, साहेबांना फोन दे, मी बोलते. पुढे झटापटीचा आवाज आला आणि फोन बंद. आईनं परत परत फोन लावला. शेवटी तो उचलला गेला तेव्हा पोरगा सीटवर निपचित पडलेला होता.

पोलिसांना त्याच्या नावावर जुनं वॉरंट सापडलं होतं. बेड्या घालताना तो सुटून गाडीत बसला. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या महिला अधिकाऱ्याला विजेचा झटका देणारं यंत्र वापरायचं होतं, त्याला टेझर म्हणतात, पण हातात आलं पिस्तूल. तिला सदोष मनुष्यवधासाठी दोन वर्षांची शिक्षा झाली. पोरगा काळा होता, ती गोरी.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सातासमुद्रापलीकडचं आपल्याला कशाला सांगता? तर मैत्रिणींनो, एक म्हणजे आपल्या गावातून आता निम्म्या गल्ल्यांचं कुणी ना कुणी तिकडे आहे. आणि दुसरं, रस्त्यात पोलिसानं शिट्टी मारली की छातीत होणारं धस्स कोणत्याही देशातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या नणंदेचा मुलगा टेक्सासमध्ये डलासजवळ नोकरीला आहे. तो तिकडे नवीन होता तेव्हाची गोष्ट. वेगाची मर्यादा ओलांडली म्हणून त्याला मागून निळ्या-लाल दिव्यांची गाडी लागली. हा आपल्याकडच्या सवयीनं गाडी बाजूला घेऊन खाली उतरला आणि लायसन्स काढायला खिशात हात घालत पोलिसाकडे चालू लागला. आपल्याकडे असंच करतात ना? हवालदारसाहेबांसमोर नम्रपणे उभं राहायचं, कागद दाखवायचे, चुकलं म्हणायचं, पावती फाडायची. तिकडचा पोलीस पिस्तुलावर हात ठेवून ओरडला, गाडीत बस! पोरगा जागीच गोठला. ‘मामी, मला वाटलं मी आदर दाखवतोय. त्याला वाटलं मी चालून येतोय,’ असं तो नंतर मला फोनवर म्हणाला.

तिकडची रीत त्यानं मग मला समजावून सांगितली. गाडी उजवीकडे घेऊन थांबवायची. उतरायचं नाही. काच खाली करायची, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा. दोन्ही हात स्टेअरिंगवर, दिसतील असे. कागद समोरच्या कप्प्यात असतील तर आधी सांगायचं, ‘कागद तिथे आहेत, काढू का?’ आणि हो म्हटल्यावरच हळू हात न्यायचा. पर्समध्ये एकदम हात घालायचा नाही. शेजारी बसलेल्या बाईनंही नाही. आपण तर फोन वाजला, रुमाल हवा, गोळी घ्यायची वेळ झाली, की पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालतो!

हे झालं सगळ्यांसाठी. पण काळ्यांच्या घरात याचा वेगळा धडाच असतो. त्याला तिकडे नुसतं ‘द टॉक’ म्हणतात, म्हणजे ‘ती बोलणी’. पोरगा गाडी चालवण्याच्या वयाचा झाला की आईबाप त्याला समोर बसवतात. पोलिसानं थांबवलं तर आवाज चढवायचा नाही, उलट प्रश्न करायचा नाही, चूक नसली तरी ‘सर’ म्हणायचं, काय भांडायचं ते जिवंत घरी आल्यावर भांडू. आपण वयात येणाऱ्या मुलीला जवळ घेऊन चार गोष्टी सांगतो ना, तसं. ‘काळं असून गाडी चालवणं’ हाच जणू एक वाहतुकीचा गुन्हा आहे, असं तिकडचे काळे लोक उपहासानं म्हणतात.

सँड्रा ब्लँडला हे सगळं ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांची, शिकलेली, बोलायला फटकळ. ‘सँडी स्पीक्स’ नावानं ती स्वतःची बोलणी रेकॉर्ड करून लोकांसमोर ठेवायची, त्यात पोलीस आणि काळे लोक यावरही बोलायची. टेक्सासमधल्या ज्या विद्यापीठात ती शिकली तिथेच तिला नोकरी लागली होती, त्यासाठी ती इलिनॉयहून तिकडे आली होती. १० जुलै २०१५. मागून पोलिसाची गाडी वेगानं आली म्हणून तिनं वाट द्यायला लेन बदलली आणि इंडिकेटर दिला नाही. एवढ्यासाठी तिला थांबवलं.

पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात पुढचं सगळं आहे. पोलीस म्हणाला, तुम्ही चिडलेल्या दिसता. ती म्हणाली, हो, तुम्हालाच वाट दिली आणि मलाच दंड! मग तो म्हणाला, सिगारेट विझवा. ती म्हणाली, माझ्या गाडीत बसलेय मी, का विझवू? झालं. इथपर्यंत ते फक्त ताकीद देऊन सोडण्याचं प्रकरण होतं. त्यानं दार उघडलं, तिला बाहेर ओढायला लागला, टेझर रोखून झटका देण्याची धमकी दिली. हातात बेड्या पडल्या. जामिनाची रक्कम होती पाच हजार डॉलर, आणि सुटण्यासाठी त्यातले पाचशे भरायचे होते. ते जमवेपर्यंत तीन दिवस गेले. १३ जुलैला ती कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. शवविच्छेदनात आत्महत्या ठरली. तिच्या आईला ते पटणं अवघडच होतं.

मला या प्रकरणात राहून राहून त्या सिगारेटचं वाटतं. सिगारेट ओढावी की नाही हा वेगळा विषय. पण बाईनं ‘का?’ विचारलं, एवढ्यावरून पुरुषाचा पारा चढणं, हे आपण घरात, बँकेत, तहसील कचेरीत पाहिलेलं नाही का? इथे त्या पुरुषाकडे बेड्या होत्या एवढंच.

त्या अधिकाऱ्यावर शपथेवर खोटं बोलल्याचा खटला भरला, आणि पुन्हा कधी पोलिसात नोकरी करणार नाही असं त्यानं कबूल केल्यावर तो काढून घेतला. २०१७ साली टेक्सासनं सँड्राच्या नावानं कायदा केला, त्यात कोठडीतल्या कैद्यांच्या मानसिक अवस्थेकडे लक्ष देण्याच्या तरतुदी आहेत. २०१९ मध्ये एक नवीनच गोष्ट बाहेर आली. त्या दिवशी सँड्रानं स्वतःच्या मोबाइलवरही चित्रण केलं होतं, एकोणचाळीस सेकंदांचं. जिवाची भीती वाटत होती असं तो अधिकारी सांगत आला होता, आणि त्या चित्रणात ती गाडीत बसलेली आहे, हातात फक्त फोन आहे!

दुसरी गोष्ट शाळेच्या स्वयंपाकघरातली. आपल्या कित्येक बचत गटांच्या बायका शाळेत पोषण आहार शिजवतात, त्यांनी ही जरूर वाचावी. सेंट पॉल शहरातल्या एका शाळेत फिलँडो कॅस्टिल नावाचा बत्तीस वर्षांचा माणूस भोजनगृह सांभाळायचा. शाळेत पाचशेच्या आसपास पोरं, त्याला सगळ्यांची नावं पाठ. कुणाला दूध चालत नाही, कुणाला काय खाल्ल्यावर त्रास होतो, हे त्याला तोंडपाठ होतं असं त्याच्याबरोबर काम करणाऱ्या बाईंनी सांगितलं. तिकडे सगळ्याच शाळांत जेवण फुकट नसतं, खात्यात पैसे नसले की पोराची अडचण होते. तेव्हा हा आपल्या खिशातून पैसे घालायचा.

या माणसाला पोलिसांनी आयुष्यात किती वेळा थांबवलं असेल? साधारण तेरा-चौदा वर्षांत किमान ४६ वेळा. अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओच्या बातमीदारांनी कागदपत्रं काढून मोजलं. त्यातल्या फक्त सहा वेळा असं काही कारण होतं की जे बाहेरून पोलिसाच्या नजरेला पडावं. दंड साचत गेला, सहा हजार डॉलरच्या वर. दंड थकला की लायसन्स अडकायचं, लायसन्स नाही म्हणून पुन्हा दंड.

६ जुलै २०१६ च्या संध्याकाळी त्याला शेवटचं थांबवलं. सांगायला कारण मागचा दिवा नादुरुस्त. पण त्याआधी अधिकारी वायरलेसवर बोलला होता की गाडीतले लोक एका दरोड्यातल्या संशयितांसारखे दिसतात, आणि खूण कोणती, तर चालकाचं रुंद नाक! बाई गं, नाकावरून माणूस ओळखायचा म्हटलं तर आपल्या एसटी स्टँडवरची निम्मी माणसं आत जातील.

फिलँडोनं शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. शांत बोलला, ‘सर’ म्हणाला. त्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं, ते स्वतःहून सांगितलं. अधिकारी म्हणाला, मग काढू नका. तो म्हणाला, काढत नाही. आणि अधिकाऱ्यानं सात गोळ्या झाडल्या. शेजारी त्याची मैत्रीण होती, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. त्या बाईनं त्या क्षणी फोन सुरू करून सगळं थेट लोकांसमोर आणलं, तेही ‘सर, तुम्ही सांगितलं तेच तो करत होता’ असं ‘सर’ म्हणतच. नंतर तिला बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत बसवलं. तिथल्या कॅमेऱ्यात ती चिमुरडी आईला समजावताना ऐकू येते, आई, ओरडू नकोस, नाहीतर तुलाही गोळी घालतील. चार वर्षांची! अधिकारी १६ जून २०१७ ला निर्दोष सुटला. शहरानं आईला तीस लाख डॉलरच्या आसपास भरपाई दिली. पुढे फिलँडोच्या नावानं लोकांनी पैसे जमवले आणि सेंट पॉलच्या शाळांतल्या पोरांची थकलेली जेवणाची बिलं भरली.

आता कुणी म्हणेल, दोन-चार प्रकरणं सगळीकडेच होतात. रोज साधारण पन्नास हजार गाड्या थांबवल्या जातात त्या देशात. बहुतेक लोक दंडाची पावती घेऊन घरी जातात, हे खरंच आहे. पण कुणाला थांबवतात, याचा हिशोब मांडलेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी जवळजवळ दहा कोटी नोंदी तपासून २०२० मध्ये त्याचा अभ्यास छापला. त्यांची युक्ती मला फार आवडली. संध्याकाळी सात वाजता रस्त्यावर साधारण तेच लोक असतात, कामावरून घरी जाणारे. पण हिवाळ्यात सातला अंधार असतो आणि उन्हाळ्यात उजेड. पोलिसाला चालकाचा रंग उजेडात दिसतो, अंधारात नीट दिसत नाही. मग अंधारात थांबवलेल्यांत काळ्यांचं प्रमाण घटतं का? तर घटतं! म्हणजे वाहतुकीचा नियम रात्री आणि दिवसा सारखाच मोडला जातो, पण नजर दिवसा वेगळी असते. आणखी एक दिसलं. गाडीची झडती घेण्यासाठी काळ्या चालकावर थोडासा संशयही पुरतो, गोऱ्यावर जास्त लागतो.

कायद्याचाही याला आधार आहे, हे वाचून मी चकित झाले. तिकडच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये निकाल दिला की वाहतुकीचा कसलाही छोटा नियम मोडला असेल तर थांबवणं वैध, पोलिसाच्या मनात खरं कारण दुसरंच असलं तरी. म्हणजे संशय दरोड्याचा, सांगायचं दिव्याचं. आणि आपल्यापैकी कोण असं आहे जे दहा किलोमीटर गाडी चालवून एकही बारीकसा नियम मोडत नाही?

यात पैशाचा भाग आहे, तो बायकांना चटकन कळेल. मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचं गाव आहे. तिथे २०१४ मध्ये एका काळ्या तरुणाला पोलिसानं गोळी घातल्यावर मोठं आंदोलन झालं, आणि अमेरिकेच्या न्याय खात्यानं गावाच्या पोलिसांची चौकशी केली. मार्च २०१५ च्या त्या अहवालात आकडे आहेत. गावात काळे ६७ टक्के. पण थांबवलेल्या गाड्यांत ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांत ९० टक्के आणि अटकेत ९३ टक्के. कारण काय, तर नगरपालिकेची तिजोरी दंडावर चालायची, आणि वसुली वाढवा म्हणून वरून तगादा असायचा. त्यात एका बाईची हकीगत आहे. २००७ मध्ये तिनं एकदा चुकीच्या जागी गाडी लावली. दंड १५१ डॉलर आणि वर फी. पैसे नव्हते, मध्येमध्ये डोक्यावर छप्परही नव्हतं. तारखा चुकल्या. दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात काढले. पंचवीस-पन्नास डॉलर घेऊन ती भरायला गेली तर कोर्टानं परत पाठवले, भरायचे तर सगळे भरा! सात वर्षांत तिनं ५५० डॉलर भरले, आणि तरी डिसेंबर २०१४ मध्ये ५४१ डॉलर बाकीच होते. सावकाराच्या वहीची आठवण येते की नाही?

पोलिसांचीही बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. त्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त. खिडकीशी वाकणाऱ्या पोलिसाला आत काय आहे ते माहीत नसतं. आणि पोलीस मरतातही. त्यांना प्रशिक्षणात असे प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतात, प्रत्येक गाडी म्हणजे मृत्यू असू शकतो असं मनावर ठसवतात. मात्र फ्लोरिडातल्या दोनशेहून जास्त पोलीस खात्यांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये एका कायद्याच्या प्राध्यापकानं दाखवलं की साध्या वाहतूक तपासणीत पोलिसाचा खून होण्याचं प्रमाण पासष्ट लाख वेळांत एकदा इतकं आहे. उलट न्यूयॉर्क टाइम्सनं २०२१ मध्ये छापलं की पाच वर्षांत पोलिसांच्या हातून असे चारशेहून जास्त गाडीचालक किंवा गाडीतले प्रवासी मेले ज्यांच्या हातात बंदूक नव्हती, सुरा नव्हता, आणि ज्यांचा हिंसक गुन्ह्यासाठी पाठलागही चालू नव्हता. भीती खरी असते हो, पण ती शिकवलेलीही असते.

आणि ही भीती आजची नाही. गुलामगिरीच्या काळात, १७०० च्या सुमारापासून, अमेरिकेच्या दक्षिणेत रस्त्यावर गस्ती पथकं फिरायची. काळा माणूस एकटा दिसला की मालकाची चिठ्ठी दाखव. चिठ्ठी नसेल तर फटके. गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांविषयी आपल्या जोतिबा फुल्यांना एवढा आदर होता की १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी त्यांनाच अर्पण केली. तिकडे १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर संघटना निघाली तेव्हा त्या तरुणांचं पहिलं काम कोणतं होतं? पोलीस काळ्या माणसाला थांबवतात तिथे जाऊन कायद्याच्या अंतरावर उभं राहायचं, हातात कायद्याचं पुस्तक आणि बंदूक घेऊन, आणि पाहत राहायचं. त्यांच्या नावावरूनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर झाली.

चिठ्ठीवरून आठवलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात आपल्या पारध्यांसारख्या लोकांना पोलिसात हजेरी द्यावी लागे, गावाबाहेर जायला पास लागे. कायदा १९५२ ला गेला. आमच्या संस्थेत येणारी एक पारधी बाई मला म्हणाली होती, ‘ताई, बाजारात चोरी झाली की लोकं आधी चोराकडं नाही बघत, माझ्याकडं बघत्यात.’ तिला मी ‘काळं असून गाडी चालवण्या’बद्दल काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

रंगाचा विषय निघाला की लोकांना वाटतं, गोरा पोलीस वाईट, काळा पोलीस आला की प्रश्न मिटला. ७ जानेवारी २०२३ ला मेंफिस शहरात टायर निकोल्सला बेदरकार गाडी चालवल्याच्या आरोपावरून थांबवलं. एकोणतीस वर्षांचा, कुरियर कंपनीत कामाला, सूर्यास्ताचे फोटो काढायची आवड. त्याला मारणारे पाचही अधिकारी काळेच होते. आईचं घर हाकेच्या अंतरावर होतं आणि तो मार खाताना ‘मॉम, मॉम’ हाका मारत होता. तीन दिवसांनी तो गेला. बेदरकार चालवल्याचा पुरावा आम्हाला सापडला नाही, असं खुद्द पोलीसप्रमुखांनी सांगितलं, आणि त्याही काळ्या बाईच. सासू होऊन सुनेला छळणाऱ्या बाया आपण पाहतोच, तेव्हा मला याचं नवल वाटलं नाही. वर्दी कुणाच्याही अंगावर चढते, आणि कुणाला बदडलं तर चालतं हे वर्दीला आधीपासून ठाऊक असतं. मे २०२५ मध्ये त्यांतले तिघे राज्याच्या खटल्यात निर्दोष सुटले.

काही बदललं का? थोडं. फिलाडेल्फियानं २०२१ मध्ये ठराव केला की आरशाला वस्तू लटकणं, एखादा दिवा बंद असणं, नोंदणीची मुदत थोडी उलटणं, एवढ्यासाठी गाडी थांबवायची नाही. घरी चिठ्ठी पाठवा. व्हर्जिनिया राज्यानंही तसा कायदा केला. मेंफिसनं टायरच्या मृत्यूनंतर असाच नियम केला होता, पण २०२४ मध्ये टेनेसी राज्याच्या विधिमंडळानं तो मोडीत काढला. टायरचे आईवडील विधिमंडळात येऊन विनवून गेले होते.

आता आपल्या घरातलं. आपल्या लोकांना वाटतं, हा गोऱ्या-काळ्यांचा वाद, आपण मधले, आपल्याला काय! तिकडे राहणारे आपलेही काही जण काळ्या वस्तीचं नाव काढलं की नाक मुरडतात. तर मग सुरेशभाई पटेलांची हकीगत ऐका. गुजरातचे सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ, अलाबामा राज्यातल्या मॅडिसन गावी मुलाकडे गेले होते, लहानग्या नातवाला सांभाळायला. जाऊन थोडेच दिवस झाले होते. ६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडले. गाडी नाही, काही नाही, फुटपाथवरून चालत. शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला, एक बारकासा काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय! पोलीस आले, विचारू लागले. हे म्हणाले, ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’, आणि मुलाच्या घराकडे हात केला. पोलिसानं हात मागे धरून त्यांना जमिनीवर आपटलं. मणक्याला इजा, अंग लुळं पडलं, मोठी शस्त्रक्रिया झाली. राज्याच्या गव्हर्नरांनी भारताची माफी मागितली. त्या अधिकाऱ्याच्या खटल्यात दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलरची भरपाई ठरली.

सुरेशभाई काळे नव्हते. फोन करणाऱ्याला ते काळे दिसले, आणि काळा माणूस सकाळी फुटपाथवर फिरतोय हे त्याला पोलिसांना कळवण्यासारखं वाटलं.

आमच्या कॉलनीतल्या सुमनकाकू आणि काका पुढच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला निघालेत. काका रोज पहाटे मफलर गुंडाळून तासभर फिरतात, तिकडेही फिरणारच. वन्संच्या मुलाला विचारून मी काकूंना चार गोष्टी सांगितल्या. फिरायला जाताना जावयाचं नाव, पत्ता आणि फोन इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवायची. पण ती खिशात खोल नको, गळ्यात अडकवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात, बाहेरून वाचता येईल अशी. पोलिसानं हटकलं तर थांबायचं, वळून चालू लागायचं नाही, हात खिशातून काढून मोकळे ठेवायचे, पण एकदम झटकन नाही. त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, आपण बोलताना लावतो तसा. काय बोलतात ते कळलं नाही तर ‘नो इंग्लिश, हिंदी, मराठी’ म्हणायचं. लेकीनं पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे आईवडिलांना घेऊन जाऊन ओळख करून द्यायची. आणि लेक-जावई गाडी चालवत असताना मागून दिवे लागले तर मागच्या सीटवर बसून ‘काय झालं, काय झालं’ करत दार उघडायचं नाही.

काकू सगळं ऐकून घेत होत्या. काका मात्र चिडले. म्हणाले, ‘अगं, चाळीस वर्षं शिक्षक होतो मी. माझ्या गळ्यात पाटी अडकवून फिरू?’

काकू म्हणाल्या, ‘फिरायचं. त्या पटेलांच्या बायकोला विचारा.’

मग त्यांनी डिंकाच्या लाडवांचे डबे बाजूला सरकवले, शिवणाच्या पेटीतून जाड काळा दोरा काढला आणि त्या पाकिटाला ओवायला घेतला.